ढोलावरचा तळहात

परदेशात, डीमन गावी लेकीकडे राहावयास आल्यापासून माझी सायंसंध्या खालच्या मजल्यावरील व्हायोलिनच्या साथीने होत असे. वादक युक्रेनचे, माझ्याच वयाचे. तिकडच्या डोंगराळ मुलखात त्यांनी आयुष्यभर लग्नांत नाचाचा ताफा चालवला होता. लिफ्टमध्ये भेटले की मोडक्या इंग्रजीत विचारीत, "प्रोफेसर, आमच्या नाचाने तुमचे देव दमले नाहीत ना?"

"देवांचे ठीक आहे. गुडघे माझे दुखतात."

गेल्या हिवाळ्यात ते एक ढोल घेऊन वर आले. त्यांच्या ताफ्यातील ढोलवाला अविवाहित होता. युद्धावर गेला, तो दोन वर्षे बेपत्ता. अविवाहित तरुण गेला तर त्यांच्या गावात अंत्ययात्रेला लग्नाचीच धून वाजते, आणि ती ताफ्याच्या प्रमुखाने वाजवावी लागते. त्याची आई फोनवर म्हणाली होती, "आता वाजवा. माझ्या लेकराला किती ताटकळत ठेवाल?"

"तुमचे शास्त्र काय सांगते?" त्यांनी विचारले.

"परत न आलेल्याची बारा वर्षे वाट पाहावी. मग पळसाच्या पानांचा देह करून संस्कार करावेत."

"बारा वर्षे ती जगणार नाही." मग हलकेच म्हणाले, "मी ती धून धरली की हा ढोल घुमतो. मला भास होत असेल. तुम्ही खोटे बोलत नाही. मी खाली वाजवतो, तुम्ही यावर तळहात ठेवा. हा गप्प राहिला तर मी त्याला निरोप देईन."

चार वाजताच अंधारून आले होते. ढोल मांडीवर घेऊन मी नामस्मरण करीत बसलो. खालून धून सुरू झाली आणि कातडे थरथरू लागले. स्वराने कातडे कंप पावते हे मी जाणून होतो, म्हणून भ्यालो नाही. परंतु धून मध्येच श्वासापुरती थांबली. त्या निःशब्दतेत माझ्या तळहाताखाली तीन ठोके पडले: दोन लागोपाठ, एक जरा थांबून.

ते वर आले. "गप्प होता?"

त्या माउलीची सुटका माझ्या एका होकारात होती. तरीही मी म्हणालो, "नाही." आणि दाराच्या चौकटीवर ते ठोके जसेच्या तसे वाजवून दाखवले.

ते म्हणाले, "मी भलतीच धून धरली की तो असाच अडवायचा मला."

तेथेच उभ्याने त्यांनी त्या आईला फोन लावला, निरोपाची धून वाजवणार नाही असे कळवायला. ढोल मात्र खाली नेला नाही. तो आमच्या देवघरापाशी आहे, आणि संध्या आटोपल्यावर मी त्यावर तळहात ठेवून थोडा वेळ बसतो.