सगळ्यांना पास करणारी ओळ

माझ्या भाचीबद्दल कोणीतरी लिहायला हवं होतं. दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही, म्हणून मी बसलो आहे. मला लिहायची सवय नाही. सारं आयुष्य चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात गेलं, आणि चार माणसांत बोलायची वेळ आली की मी अजूनही खिडकीबाहेर बघतो. तेव्हा इथे काही वेडंवाकडं झालं तर तो दोष माझा, तिचा नाही.

ती एका कॉम्प्युटर क्लासमध्ये जावा शिकवते. जावा म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची एक भाषा. गाद्यांच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. एकीत वर्ग, दुसरीत मालकांचं ऑफिस. जिना चढताना नाकात कापसाचे तंतू जातात, म्हणून वर्गात येणारा प्रत्येक जण आधी शिंकतो आणि मग बसतो. मुलं तिला पाठीमागे ‘हो-नाही बाई’ म्हणतात. तिला ते माहीत आहे, आणि त्याचं तिला काही वाटत नाही.

नाव बरोबर पडलंय. ती लहानपणापासून अशीच. तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, दवाखान्यात होते तेव्हाची गोष्ट. डॉक्टर बाहेर आले आणि ‘आम्ही आमच्या परीने सगळं केलं, पण अशा केसमध्ये’ वगैरे बोलत राहिले. आम्ही मोठी माणसं नुसत्या माना डोलवत होतो. ही शाळकरी पोर पुढे झाली. म्हणाली, “डॉक्टर, बाबा आहेत की नाहीत?” माझी बहीण तिच्यावर ओरडली. डॉक्टर खाली बघत म्हणाले, “नाहीत, बाळ.” मग कुठे आम्हाला रडता आलं.

मी दुकान सोडल्यावर तीच म्हणाली, “मामा, घरात भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा माझ्या वर्गात येऊन बसा. फळ्याकडे बघा.” मी मागच्या बाकावर बसू लागलो. कळायचं थोडं, पण ती शिकवताना बघायला मजा यायची.

एक दिवस तिने मेथड शिकवायला घेतली. मेथड म्हणजे नाव देऊन ठेवलेलं एक छोटं काम. काही मेथड फक्त हो किंवा नाही एवढंच सांगतात. जावात त्याला true आणि false म्हणतात. क्लासच्या छापील पुस्तकात त्याचं उदाहरण होतं. मेथडचं नाव checkResult. आत पाच-सहा ओळी. गुण चाळीस किंवा जास्त असतील तर true परत दे, नसतील तर false परत दे.

तिने पुस्तक मिटलं आणि पहिल्या बाकावरच्या दाढीवाल्याला उभं केलं. हा मुलगा सगळ्यांत बोलका. “समज, मी तुला विचारलं, नळाला पाणी आलंय का? तू काय सांगशील?”

“आलं असेल तर हो सांगेन, मॅडम.”

“आणि नसेल आलं तर?”

“तर नाही सांगेन.”

“अरे, पण आलंय का?”

वर्ग हसला. दाढीवाला डोकं खाजवत म्हणाला, “बघून येऊ का?”

“तेच! बघ आणि सांग. असेल तर हो म्हणेन, नसेल तर नाही म्हणेन, हे कशाला ऐकवतोस मला?” तिने फळ्यावर एक ओळ लिहिली: `return marks >= 40;` “गुण चाळीस किंवा जास्त आहेत का, याचं उत्तर आधीच हो किंवा नाही आहे. तेच परत द्या. आणि नाव असं ठेवा की वाचताना प्रश्न वाटला पाहिजे. checkResult म्हटलं की काय तपासलं, हो म्हणजे चांगलं की वाईट, काही कळत नाही. isPassed म्हटलं की शेंबडं पोरही सांगेल.”

मग ती वापराकडे वळली. पुस्तकात सगळीकडे ‘passed == true असेल तर’ असं होतं. तिने ते == true खोडलं. नुसतं ‘passed असेल तर’ पुरे, म्हणाली. ‘हो’ म्हणजे ‘हो’च का, असं घरी कोणी विचारतं का?

मालक दारात उभे राहून ऐकत होते. वर्ग सुटल्यावर म्हणाले, “मॅडम, पुस्तकात आहे तसं शिकवा. चुकीचं आहे का ते?”

“चुकीचं नाही, सर.”

“चालतं ना?”

“चालतं. लंगडतसुद्धा चालतं.”

“मग झालं तर!”

“पाय धड असताना पोरांना लंगडायला का शिकवू?”

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

सहा महिन्यांचा अभ्यास संपला, परीक्षा झाली. हौस म्हणून मीही बसलो. पेपर तिनेच तपासले आणि गुण ऑफिसात दिले. निकालाची यादी बनवायचा प्रोग्राम ऑफिसातल्या मुलीने लिहिला होता. ती याच क्लासमधून आधी शिकून गेलेली, तेव्हा पुस्तक तोंडपाठ. संध्याकाळी दारावर यादी लागली. सगळेच पास. मुलं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. दाढीवाला तर जिन्यातूनच घरी फोनवर ओरडत होता.

यादीत मीही होतो. मी पेपरात नाव, तारीख आणि पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर लिहिलं होतं.

भाचीने यादीवरून बोट फिरवलं. माझ्या नावाशी थांबलं, मग आणखी एका मुलीच्या नावाशी. ती मुलगी परीक्षेला आलीच नव्हती. भाची तडक ऑफिसात शिरली. मीही मागे गेलो.

“प्रोग्राम उघड बघू,” ती त्या मुलीला म्हणाली. पडद्यावर ओळी आल्या. तिला शोधायला वेळ लागला नाही. `passed == true` हवं होतं तिथे मुलीने `passed = true` लिहिलं होतं. एक चिन्ह टाईप व्हायचं राहून गेलं होतं.

“दोन चिन्हं म्हणजे प्रश्न,” भाची शांतपणे म्हणाली. “हा पास आहे का? एकच चिन्ह म्हणजे हुकूम. हा पास आहे असं धर! तू कॉम्प्युटरला विचारलंच नाहीस, बाई. प्रत्येकाला पास करून टाक म्हणून सांगितलंस. आणि true लिहिलंच नसतंस तर एक चिन्हही लागलं नसतं.”

मुलगी रडवेली झाली. “मॅडम, पण त्याने चूक दाखवली नाही.”

“त्याला कशाला चूक वाटेल? तो हुकमाचा ताबेदार. सुधार, आणि नवी यादी काढ.”

“थांबा,” मालक खुर्चीतून म्हणाले. “आता कसली नवी यादी? घरोघरी फोन गेलेत. शंभर टक्के निकाल म्हणून मी फ्लेक्स छापायला दिलाय. राहू द्या आहे तशी. कोणाचं नुकसान झालंय का?”

“यादी खोटी आहे, सर.”

“कॉम्प्युटरने काढलीय.”

“कॉम्प्युटरने खोटी काढलीय.”

“मॅडम, स्पष्ट सांगतो. ही यादी राहणार. ती राहणार नसेल तर तुम्हीही राहणार नाही.”

भाचीचे कान लाल झाले. तिला ही नोकरी हवी होती, घर तिच्यावरच चालतं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “हे माझे मामा. तुमच्या यादीत पास आहेत. विचारा त्यांना.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. खोलीला खिडकी नव्हती.

“मी नापास आहे,” मी म्हणालो.

“आजोबा, तुम्हाला पास व्हायला काय जातंय?” मालक वैतागले.

“पण मला अजून येत नाही ना.”

भाचीने स्वतः खुर्ची ओढली, ओळ दुरुस्त केली, नवी यादी काढली आणि दारावर जुनीच्या जागी चिकटवली. मालक मागून म्हणाले, “उद्यापासून येऊ नका.” तिने पर्स खांद्याला लावली आणि जिना उतरली.

घरी बहिणीने डोक्याला हात लावला. “गप्प बसली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं? पोरं खूश, सर खूश.”

“आई, उद्या यातलाच एखादा कुठेतरी असाच प्रोग्राम लिहील. तो गुणांचा नसेल, औषधांचा असेल. तेव्हाही सगळे खूश राहतील का?”

“आणि आपलं काय?”

दुसऱ्या दिवशी वर्गाची वेळ झाली तशी भाची चप्पल घालू लागली. मी घाबरत विचारलं, “अगं, येऊ नका म्हणालेत ना ते?”

“म्हणाले. मी ऐकलं. मान्य केलं का? नाही. चला, मामा.”

वर्गात फेरपरीक्षेच्या तयारीला नापास झालेलेच बसले होते, तोंडं फुगवून. दाढीवाला उठला. “मॅडम, काल तासभर मी पास होतो. मामाला, काकाला, सगळ्या गोतावळ्याला फोन करून झाले. आता तोंड कुठे लपवू?”

“इथेच. पहिल्या बाकावर. वही काढ.”

ती शिकवू लागली. थोड्या वेळाने मालक दारात आले. “तुम्हाला येऊ नका सांगितलं होतं.”

“हो.”

“मग?”

“हे नापास आहेत, सर. यांना कोणी शिकवायचं? तुम्ही शिकवणार का?”

मध्येच दाढीवाला बोलला. “सर, मी मॅडमवर भयंकर चिडलोय. पण शिकायचं तर यांच्याकडेच. दुसऱ्या कोणाला आणलंत तर मी येणार नाही.” बाकावरच्या दोघातिघांनी माना हलवल्या. मालक ऑफिसात गेले आणि आतून कडी लावली.

फ्लेक्स आला तो जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भाची अजून तिथेच शिकवते. मालक तिच्याशी कामापुरतंच बोलतात, आणि ती त्यांच्या पुस्तकातलं ते पान दर वर्गाला भर वर्गात खोडते.

फेरपरीक्षेत दाढीवाला पास झाला. मी थोडक्यात राहिलो. यादी लावताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, मीही काही विचारलं नाही. पुढचा वर्ग सुरू झाला त्या दिवशी आम्ही दोघं बरोबरच जिना चढलो, आणि वर पोचल्यावर दोघंही शिंकलो.