रिठदच्या चावडीत स्वित्झर्लंड

"मंग मी स्वित्झर्लंडातलीच म्हना की, बाबू!"

मागून सरूबाई बोलली, चावडी हसली, आणि माझं भाषण तिथेच बसलं.

मी तेव्हा वाशीमच्या तहसील कचेरीत कारकून होतो. काम मतदारयादीचं. इंग्रजांच्या त्या काळी मत सगळ्यांना नव्हतं. ठरावीक शेतसारा भरणाऱ्याला होतं. त्याच्या बायकोलाही मिळायचं, पण तिने अर्ज करायला हवा. आणि बायांचे अर्ज येईनात.

तहसीलदारसाहेब म्हणाले, "उद्या शेवटचा दिवस. रिठदहून दहा अर्ज आणा. नाहीतर तोंड दाखवू नका."

मीही हट्टाला पेटलो. वाचनालयातली मासिकं चाळून देशोदेशींची माहिती टिपून घेतली आणि चावडीत झोडली. इंग्लंडात बायांना मत आहे, अमेरिकेत आहे. फ्रान्समध्ये नाही. स्वित्झर्लंड म्हणजे लोकशाहीचं माहेर. तिथे लोक मैदानात जमून, हात वर करून कायदे करतात. पण बाईला हात वर करायची सोय नाही!

"म्हणजे आपलं वऱ्हाड स्वित्झर्लंडाच्या पुढे!" मी टाळीची वाट पाहिली.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "पन राज्य तं गोऱ्याचंच नं?"

सरकारी नोकर होतो. खोकलो.

तेवढ्यात सरूबाई उठली. विधवा बाई, दुसऱ्याच्या वावरात रोजानं जाणारी.

"मले भेटते का मत?"

"शेत आहे?"

"नाई."

"नवरा?"

"गेला."

"मग नाही मिळत."

त्यावर तिने ते स्वित्झर्लंडाचं ऐकवलं.

तोंड लपवायला मी नियमांची पुस्तिका उघडली. तिसऱ्या पानावर स्वच्छ छापलेलं: बाईला लिहितावाचता येत असेल, तरी मत. फ्रान्सपर्यंत जाऊन आलेला मी, या पानावर कधी आलोच नव्हतो.

"सरूबाई, वाचता येतं?"

"येते नं. माह्या बापानं शिकवलं. तुमी इचारलंच कुठी?"

पण वाचता येतं हे साहेबांपुढे सिद्ध करायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच तिला बैलांच्या दमणीत बसवलं. कचेरीत पोचलो तर साहेब दौऱ्यावर निघालेले, एक पाय टांग्यात.

"उद्या पाहू."

"साहेब, उद्या यादी बंद."

"बाजूला व्हा."

झालो नाही. नोकरीत पहिल्यांदाच. साहेबांनी चिडून माझ्या पिशवीतला हाती लागेल तो कागद ओढला आणि तिच्यापुढे धरला. "वाच."

सरूबाईने बोट ठेवून, सावकाश, खणखणीत वाचलं, "खेड्यातल्या बाया अडाणी असतात. त्यांना हळू बोलून, सोपं करून सांगावं."

माझ्याच भाषणाचं टिपण!

"कोणी लिहिलं हे?" साहेब.

"मीच."

"अक्षर बरं आहे तुमचं." साहेबांनी अर्जावर तिची सही घेतली, खाली आपली ठोकली आणि टांगा हाकलायला सांगितला.

रिठदहून दहा नाही, आठ अर्ज झाले, आठवा सरूबाईचा. कमी पडलेल्या दोन अर्जांबद्दल साहेबांनी मला पुढे महिनाभर ऐकवलं.

परत निघताना सरूबाई दमणीतून म्हणाली, "बाबू, त्या स्वित्झर्लंडातल्या बायाईले कोनी इचारलं का, वाचता येते म्हून?"

माझ्या टिपणात ते नव्हतं. तेव्हापासून कुठल्या देशात किती लोकशाही, हा वाद निघाला की मी आधी आपल्या कचेरीची पुस्तिका काढतो. तिसऱ्या पानापासून.