पिंजऱ्यातली शेळी

पिंपळवंडीच्या उसात बिबट्या पकडला म्हणून सकाळीच सगळा गाव लोटला होता. मीही मोटारसायकल थांबवून फोन काढला. ते आठवलं की अजून माझाच मला राग येतो.

पिंजऱ्याच्या मागच्या अंगाला एक बाई गज धरून उभी होती. बिबट्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. आमिष म्हणून मागच्या कप्प्यात बांधलेली शेळी तिची होती. बागायतदारांच्या गोठ्यांत पंधरा-पंधरा शेळ्या, पण पिंजरा आला की माणसं हिच्याच दारात जायची. त्यांच्याच रानात मजुरी करणारी बाई नाही कशी म्हणणार? शेळीची ही तिसरी खेप होती.

बाई शेळी सोडवायला गेली, तर गर्दीतल्या एकाने तिला हाताने मागे सारलं. "आधी फोटो होऊ दे."

ती पिंजऱ्यापासून हलली नाही. पदरातला बाभळीचा पाला गजांतून आत सरकवत राहिली. शेळी तोंड लावीना, नुसती थरथरत होती.

मी शहाणपणा केला. "वाचली ना शेळी, मावशी. मधे जाळी होती."

तिने पहिल्यांदाच मान वळवली. "त्या जाळीच्या अल्याड रातभर तुमी बसा, भाऊ. सकाळी मी येऊन इचारते, वाचला का म्हणून."

मी मोटारसायकल काढून निघालो. घरी येऊन फोटो पाहिले. पाचही फोटोंत बिबट्या होता. शेळी मी एकातही घेतली नव्हती.