धरणाच्या पोटातला सायकलमार्ग

तुम्ही कधी आपल्या बहिणीच्या होणाऱ्या सासऱ्याला, सायकल आणि ओटीच्या नारळासकट, धरणाच्या तळाशी पाठवलं आहे का? मी पाठवलं आहे. रीतसर छापील पत्रक काढून पाठवलं आहे.

ही गोष्ट बाहत्तर सालच्या वैशाखातली. आमचे अण्णा प्राथमिक शिक्षक. त्यांची नुकतीच भंडारदरा धरणाच्या पलीकडच्या काठावरल्या एका गावात बदली झाली होती. तिथं जायचं म्हणजे शेंडी गावापर्यंत एसटी आणि पुढं कोंडाजीबाबाची होडी. मी नगरला कॉलेजात होतो. बदलीनंतर दोनदाच घरी आलो होतो आणि दोन्ही वेळा होडीत पत्रकं वाचत बसलो होतो. त्यामुळे ते तळं मला नीट माहीत नव्हतं. (जगातल्या बाकी सर्व गोष्टी मला माहीत होत्या.)

त्या वैशाखात धाकट्या बहिणीला, कुसुमला, स्थळ आलं. मुलगा भास्कर, देवळाली प्रवऱ्याचा, हायस्कुलात मास्तर. घरची उसाची शेती. त्याने पत्रात लिहिलं होतं की लग्नानंतर मुलीने पुढे शिकावं आणि शाळेत नोकरी करावी, अशी त्याची इच्छा आहे. आधीच्या तिन्ही स्थळांनी ‘शिकलीय तेवढं पुष्कळ झालं’ असं तोंडावर सांगितलं होतं. कुसुमने ते पत्र दोनदा वाचलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली,

“दादा, हे स्थळ जमलंच पाहिजे. तू फक्त एक कर.”

“बोल! वाट्टेल ते करीन!”

“गप्प बस.”

पण गप्प बसणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. मुलगी दाखवणं ही बाजारू प्रथा आहे, यावर माझं एक पत्रक आधीच निघालं होतं. मुलीने पोह्यांची बशी घेऊन मान खाली घालून का यावं? मुलानेच घाम गाळत, डोंगर चढत यावं आणि परीक्षा द्यावी! शिवाय मोटार हे श्रीमंतांचं वाहन आणि होडी हे आळशांचं. उरली सायकल. म्हणून मी ‘लोकसायकल मंडळ’ स्थापन केलं. मंडळात मी एकटाच होतो, त्यामुळे सगळे ठराव एकमताने पास होत. पहिला ठराव असा, की या डोंगराळ भागातले सायकलमार्ग जनतेला छापून द्यायचे.

राजूर ते शेंडी हा टप्पा मी अचूक दिला होता, हे इथे नमूद करतो. करवंदीच्या जाळ्या, वळणं, समोरून येणारा घाटावरचा वारा, ‘चढावर उतरून सायकल हातात धरण्यात कमीपणा नाही’ अशी सूचना, सगळं बरोबर होतं. कारण तो रस्ता एसटीच्या खिडकीतून मला दिसला होता. अडचण होती शेंडीपासून आमच्या गावापर्यंतची. तिथं सात टेकड्या चढउतार करणारी बैलगाडीची वाट होती. पण ती मी पाहिली नव्हती. मी पाहिला होता नगरच्या जुन्या बाजारात मिळालेला एक नकाशा. कापडावर चिकटवलेला, त्यावरचा सन वाळवीने खाल्लेला. त्यात शेंडीपासून आमच्या गावापर्यंत नदीकाठाने जाणारा सरळ, सपाट, सुंदर रस्ता होता!

नकाशात एवढंच खटकलं, की तळं नव्हतं.

दुसऱ्या कुणाला शंका आली असती. मला आला तो संताप. गोऱ्या साहेबाने जनतेपासून धरण लपवून ठेवलं, असा माझा निष्कर्ष निघाला! मग ते तळं मी माझ्या हाताने काढलं. रस्त्याच्या उजव्या बाजूला काढलं, कारण डाव्या बाजूला मजकूर होता. खाली लिहिलं: ‘संपूर्ण सपाट मार्ग. चढ अजिबात नाही. मोठ्या वडाच्या सावलीत विसावा घेऊन डावीकडे वळावे.’

हे पत्रक मी पत्राबरोबर देवळाली प्रवऱ्याला धाडलं. अण्णांनी कोंडाजीबाबाला शेंडीला होडी न्यायला सांगितलं होतं. त्याला मी परस्पर नको म्हणून सांगितलं. भास्करला ती कल्पना फारच आवडली म्हणे. त्याचे वडील, तात्या, त्याहून खूश झाले. “सायकलचं काय कवतिक? मी रोज कारखान्यापत्तुर मारतो की!” असं म्हणून त्यांनी राजूरला एसटीतून उतरल्यावर दोन सायकली भाड्याने घेतल्या. कमरेला पांढरंशुभ्र धोतर, हँडलला ओटीची पिशवी.

आता धरणाचं असं आहे, की उन्हाळ्यात खालच्या उसाला पाणी सोडतात आणि तळं आटत जातं. आटलं की जुना बुडालेला रस्ता उघडा पडतो. म्हणजे शेंडीच्या पुढे त्या दोघांना खरोखरच रस्ता दिसला. सरळ, सपाट, तंतोतंत माझ्या पत्रकासारखा. तळ्यात उतरणारा! भास्करने पुढे मला सांगितलं, “मला जरा शंका आली होती. पण छापील होतं ना.”

इकडे घरी पोहे तयार. कुसुम नवं पातळ नेसून बसलेली. अण्णा दर पाच मिनिटांनी टोपी झटकत होते. बारा वाजले. पाहुण्यांचा पत्ता नाही.

“परत गेले असतील,” कुसुम हळूच म्हणाली. ती तशी रडणारी मुलगी नव्हे. पण पदराच्या टोकाला तिने इतक्या गाठी मारल्या होत्या, की मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

“कष्टाला घाबरणारा मुलगा नकोच आपल्याला!” मी म्हणालो. (अण्णांनी टोपी माझ्या दिशेने झटकली. तेव्हाच मी गप्प बसायला हवं होतं.)

एवढ्यात कोंडाजीबाबा धापा टाकत आला. “मास्तर, खाली गाळात दोन मानसं उबी हायेत.”

“उभी म्हणजे? काय करताहेत?”

“काय बी न्हाई. उबीच हायेत. हलाया येत न्हाई त्यास्नी.”

आम्ही धावलो. मागून गाव धावलं. काठापासून चाळीसेक पावलांवर तात्या कमरेपर्यंत गाळात उभे होते. डोक्यावर ओटीची पिशवी. शेजारी मांडीपर्यंत रुतलेला भास्कर, एका हाताने स्वतःची सायकल धरून. तात्यांच्या सायकलचं नुसतं हँडल वर दिसत होतं. तात्या माझं पत्रक मोठ्याने वाचत होते.

“‘मोठ्या वडाच्या सावलीत विसावा घेऊन डावीकडे वळावे.’ वड कुटं हाय वो?”

“त्यो मी ल्हान असतानाच बुडाला,” कोंडाजीबाबा काठावरून ओरडला.

“आनि सावली?”

“ती बी त्याच्यासंगंच गेली! ह्यो आमचा जुना रस्ता हाय, पाव्हनं. मी ह्याच रस्त्यानं मामाच्या गावाला जायचो. तुमी कुठलं?”

“देवळाली प्रवरा!”

“मंग बराबर हाय. पानी तुमाकडं आलं, गाळ तेवढा आमाकडं ऱ्हायला. बगाया आलात, लई बरं केलंत!”

या एका वाक्यावर मी चार पानी पत्रक लिहिलं असतं. पण तेवढ्यात कुसुमने माझ्या हातात बांबूच्या तट्ट्याचं टोक दिलं. शाळेच्या पडवीला लावलेले तट्टे तिने सोडून आणले होते. गाळावर तट्टे टाकत जायचं, हा गावातल्या बायकांचा नेहमीचा उपाय. तो तिला महिन्याभरातच माहीत झाला होता. नवं पातळ खोचून ती पुढे आणि मी मागे. मी दुसऱ्याच पावलाला तट्टा चुकलो आणि गुडघ्याइतका रुतलो. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

तट्टे तात्यांपासून हातभर अंतरावर पोचले, तेव्हा त्यांनी पत्रक उंच धरलं.

“आदी मला सांगा, ह्यो कागद लिवनारा कोन हाय? ‘लोकसायकल मंडळ’ म्हंत्यात. घावला तर बगा, हितंच पुरतो त्याला!”

मी सत्यासाठी तुरुंगात जायला तयार असलेला माणूस. अनेक पत्रकांत तसं लिहिलेलंही होतं. मी छाती पुढे काढली आणि म्हणालो,

“असली माणसं समाजाला घातकच असतात!”

“तो हाच,” कुसुम म्हणाली. “माझा दादा. मंडळ म्हणजे हा एकटाच.”

अण्णांनी काठावर डोळे मिटून घेतले. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“पोरी, आत्ताच सांगायची काय गरज हुती? सोयरीक जमल्यावर सांगायचंस.”

“तेव्हा कळून तुम्हाला राग आला असता, तर माघारी गेला असता,” कुसुम म्हणाली. “आत्ता तुम्हाला कुठं जाता येतंय?”

तात्या हसायला लागले. इतके हसले, की आणखी चार बोटं खाली गेले! भास्कर त्यांना धरायला वळला तर त्याचाही बूट गाळात राहिला. तशा अवस्थेत त्याने कुसुमला विचारलं,

“तुम्हाला खरंच पुढं शिकायचंय ना?”

“शिकायचंय. आधी उजवा पाय काढा.”

मुलगी पाहण्याचा कार्यक्रम एवढाच झाला. बाहेर आल्यावर तात्यांनी चिखलाच्या हातानेच ओटीची पिशवी तिच्यापुढे धरली. “अण्णा, पोरगी आमची. सख्ख्या भावाचं झाकत न्हाई. आमच्या घरात असं एक मानूस पायजेच हुतं. आमाकडं समदे भाषान करनारे!” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमी मातर वरातीचा रस्ता सांगायचा न्हाई. वरातीत सगळ्यांच्या मागं चालायचं.”

मी मागे चाललो. वरात अगदी वेळेवर पोचली. मुलाने घाम गाळत यावं आणि परीक्षा द्यावी, हे माझं तत्त्व शब्दशः पार पडलं, पण त्याचं श्रेय आजवर कुणी मला दिलेलं नाही. कुसुम आता शाळेत शिकवते. पहिल्याच वर्षी तिने भूगोल मागून घेतला.

तुम्हाला एकच विनंती आहे. डोंगर असो, तळं असो, नाहीतर क्रांती असो. कुणी तरुण तुमच्या हातात छापील कागद देऊन ‘रस्ता सरळ आहे’ असं छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला सायकलवर बसवा, पुढे घाला आणि आपण मागून जा. आणि तो मी असलो, तर जरा जास्तच अंतर ठेवा.