घरामागे एक लाकूड

मार्च लागला की चंद्रपूरच्या आमच्या ऑफिसात आयकराच्या नावानं शिमगा सुरू होतो. पगारातून कापलेला आकडा मोबाइलवर दिसला की जो तो अर्थमंत्री. "कर ऐच्छिक करा. सरकारनं कोळशावर, बांबूवर, तेंदूपानावर भागवावं," असं परवा चहाला एक जण म्हणाला आणि मी हातातला कप खाली ठेवला. हेच माझे बाबा बोलायचे. ते बोलणं कानावर पडलं की त्याच्यामागून एक बाई येते आणि माझ्यासमोर बसून राहते.

बाबा सरकारी कारकून. कर त्यांच्या जिवावर यायचा. "माणसाला मागूच नये. ज्याचं मन होईल त्यानं द्यावं," म्हणायचे आणि आरमोरीकडच्या आमच्या गावाचा दाखला द्यायचे. तिथे कुणी वारलं की सरणासाठी दर घरामागे एक लाकूड येई. पावती नाही, वसुली नाही, तरी सरण कधी कमी पडलं नाही. त्या रीतीचा बाबांना केवढा अभिमान!

मी कॉलेजात असताना उन्हाळ्यात आम्ही गावी गेलो आणि शेजारी मयत झाली. नवरा-बायको दोघंच राहायचे. तो बरीच वर्षं खाटेवर होता, तोच गेला. माणसं जमली, तिरडी बांधली, खांदा द्यायलाही तयार होती. लाकूड मात्र एकाही घरून आलं नाही. ऊन चढत गेलं. बाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

बाबांनी एका म्हाताऱ्याला बाजूला घेतलं. "लाकडं काऊन नाई आली, भाऊ?"

"या घरानं कोणाच्या मयतीले लाकूड धाडलं नाई," तो शांतपणे म्हणाला. "आमी कोणाले द्या म्हणत नाई, देऊ नका बी म्हणत नाई. ज्याचं मन."

बाबांचं तोंड एवढंसं झालं. आमचं घर वर्षभर बंद, परसात काटक्यांशिवाय काही नव्हतं. तेवढ्यात बाई उठली. तिनं गाय उन्हात नेऊन बांधली, कोयता घेतला आणि गाईच्या कोठ्याच्या लाकडी बल्ल्या सोडवायला लागली. बाबा धावले. मी बांबू ओढले. कुणी आम्हाला अडवलं नाही, कुणी जागचं उठलंही नाही. याच माणसांनी लहानपणी मला आंबे खाऊ घातले होते. त्यांच्यात वाईट कुणीच नव्हतं, आणि मला आजही धडकी भरते ती त्याचीच.

छप्पर उतरलं. गाय उघड्या जागेकडे बघत हंबरत होती.

शेवटची बल्ली उपटताना बाबा हलकेच म्हणाले, "वहिनी, एखाद्या वेळी तरी धाडाचं होतं लाकूड."

"जंगलात जाणारं कोण होतं घरी, भाऊ? यायले खाटेवरून उठता येत नव्हतं, मी यायच्यापाशी. मले वाटलं, लोकाईले समजते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "कोणी दारात येऊन मांगलं असतं, त खाटेचा पाय काढून देल्ला असता म्या. इथी कोणी मांगतच नाई."