माशांचा दिवा, साडेदहा ते दीड

बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मी पंपांच्या सुट्या भागांची तपासणी करते. कंपनीची बस जयनगरच्या कोपऱ्यावरून सात वाजून पाच मिनिटांनी निघते आणि संध्याकाळी होसूर रोडच्या मर्जीप्रमाणे सहा ते सातच्या दरम्यान परत आणून सोडते. मधले अकरा-बारा तास माझ्या घराला कुलूप असतं. मी एकटीच राहते, त्यामुळे या कुलपानं कधी कोणाचं काही अडलं नव्हतं.

मग ऑफिसातल्या एकाची बदली झाली आणि त्याचा दोन फुटी फिश टँक माझ्याकडे आला. त्यात बारा निऑन टेट्रा, तळाशी फिरणारे दोन मिशीवाले मासे आणि गवतासारख्या हिरव्या वनस्पती होत्या. जाताना तो म्हणाला, "रोज आठ तास लाइट आणि दोन वेळा चिमूटभर खाणं. बाकी काही करावं लागत नाही."

आठ तास कुठले, ते मी ठरवायचं होतं. मी घरी नसताना दिवा जळण्यात मला अर्थ दिसेना. दिव्याच्या प्लगला मी एक टायमर लावला. त्याला घड्याळासारखी चकती होती आणि कडेनं छोट्या खुंट्या होत्या. दुपारी दोन ते रात्री दहा अशी वेळ बसवली. म्हणजे आल्यानंतरचे तीनेक तास तरी मला मासे दिसणार होते. खाणं सकाळी निघायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर.

महिनाभरात पाणी गढूळ झालं. दुकानदाराला विचारलं तर त्यानं आधी सकाळची वेळ विचारली. मी सांगितली. "मॅडम, पावणेसातला दिवा नाही, म्हणजे त्यांची झोप चालू आहे. झोपेत कोण खातं? सगळं खाली पडून कुजतं." दिवा लागल्यावर अर्ध्या तासानं खायला घाला, असं त्यानं सांगितलं. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मग मी दिवसाचे दोन तुकडे केले. सकाळी सहा ते आठ दिवा, मग दिवसभर अंधार, पुन्हा चार ते दहा. साडेसहाला खाणं घालून मी डबा भरायला घ्यायची.

पाणी निवळलं, पण आता काचेवर हिरवं शेवाळ धरायला लागलं. शेवाळ वाढतं ते जास्त उजेडानं किंवा जास्त खाण्यानं. दोन्ही माझ्याकडून मोजूनमापून होत होतं. वीज गेली की चकतीचा टायमर थांबतो आणि वीज आल्यावर तिथूनच पुढे चालू होतो, हे लक्षात आलं तेव्हा वाटलं, सापडलं कारण. बॅटरीवर वेळ सांभाळणारा दुसरा टायमर आणला. शेवाळ तरीही वाढतच राहिलं. दर रविवारी मी काच खरवडायची आणि पुढच्या शनिवारपर्यंत ती पुन्हा हिरवी व्हायची.

कारखान्यात एखाद्या मापात सतत फरक यायला लागला, की आम्ही आधी मशीन तपासतो, मग माल आणि सगळ्यात शेवटी माणूस. घरात माझ्याशिवाय माणूस नव्हताच, त्यामुळे मी तिथपर्यंत पोचलेच नाही.

एका बुधवारी कारखान्याचा ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि आम्हाला परत पाठवलं. साडेअकराला मी जिना चढून वर आले, तर दाराबाहेर पुरुषी चपला होत्या, नीट जोडून ठेवलेल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत टँकचा दिवा लागलेला होता आणि समोर माझ्या वेताच्या स्टुलावर घरमालक बसले होते.

घरमालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणते आणि त्यांच्या बायकोला अक्का. दोघं खाली राहतात. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, घरी मराठी बोलणारं, पण त्या मराठीत कानडी इतकं मुरलेलं की सुरुवातीला मला अर्धं कळत नसे. अण्णांचं पेठेत कापडाचं दुकान होतं. वर्षभरापूर्वी ते मुलाच्या हाती गेलं. वरच्या पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह माझ्या स्वयंपाकघरात आहे, म्हणून माझी एक किल्ली खाली असते.

मला पाहून अण्णा उठून उभे राहिले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता.

"पाणी सोडायला आलो होतो," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "ते दहालाच झालं. नंतर बसलो."

"रोज बसता?"

"रोज."

"दिवा तुम्ही लावला?"

"टायमरच्या बाजूला बटण आहे. अंधारात होते बिचारे. जाताना होतं तसं करून ठेवतो."

"आणि खाणं?"

"तुमच्या डब्यातलं घेत नाही हं," ते घाईनं म्हणाले. "दुसऱ्याच्या मालाला हात लावत नाही मी. घरून आणतो." त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढून दाखवली. आत चपातीचा बारीक चुरा होता.

मला राग आला होता, पण समोरच्याचं वय पाहून तो कसा काढावा हे सुचत नव्हतं. त्यांनी आपणच दिवा बंद केला, स्टूल जागच्या जागी ठेवलं आणि खाली गेले.

संध्याकाळी मी अक्कांकडे गेले. त्यांना सगळं माहीत होतं. "अय्यो, मी सांगितलं होतं गं त्यांना, विचारून जा म्हणून. तुला विचारायची लाज वाटते म्हणाले. दहा वाजले की शर्ट घालून बसतात. दुकानाला जायचं नाही, मग कुठं जातील? वर स्वल्प बसून येतात, त्यात काय?"

"अक्का, मी नसताना घरात कोणी गेलेलं मला चालत नाही."

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन किल्ली घेऊन आल्या. ती माझ्या हातावर ठेवली. पाणी आता मी सकाळी निघण्याआधी सोडावं असं ठरलं.

तीन आठवडे असंच चाललं. शेवाळ कमी झालं. माझा अंदाज बरोबर ठरला याचं मला समाधान होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. सकाळी बससाठी निघताना अण्णा कधी फाटकाशी दिसत. आम्ही एकमेकांना मान हलवून पुढे जायचो. त्या मान हलवण्यात त्यांच्याकडून काही तक्रार नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं.

पुढे मला एका पुरवठादाराच्या तपासणीसाठी कोइमतूरला चार दिवस जायचं ठरलं. टायमर दिवा सांभाळणार होता, खाण्याचं काय हा प्रश्न होता. मासे चार दिवस उपाशी राहू शकतात हे मला दुकानदारानं सांगितलेलं होतं. तरी आदल्या संध्याकाळी मी औषधाच्या गोळ्यांची, सात वारांच्या सात कप्प्यांची डबी आणली, चार कप्प्यांत मोजून खाणं भरलं आणि डबी आणि किल्ली घेऊन खाली गेले. का गेले, याचं नेमकं कारण मला आजही देता येणार नाही. थोडं अपराधी वाटत होतं आणि थोडी गरजही होती.

अण्णांनी डबी हातात घेऊन एकेक झाकण उघडून पाहिलं.

"एका दिवसाला एक कप्पा?"

"हो. चपाती नको."

"नाही. चपाती चूक होती?"

"तिनं पाणी खराब होतं."

"मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "आवडीनं खायचे म्हणून घालत होतो. दिवा किती वाजता लावू?"

टायमर आहे, तुम्ही काही लावू नका, असं मी म्हणणार होते. त्याऐवजी म्हणाले, "साडेदहाला. दीडला बंद करा." आणि वर जाऊन सकाळचे दोन तास आणि दुपारचा एक तास टायमरमधून काढून टाकले.

परत आले तेव्हा चारही कप्पे रिकामे होते आणि काच स्वच्छ होती. किल्ली द्यायला अण्णा स्वतः वर आले. एक मासा दाखवून म्हणाले, "हा बघा. खायला सगळ्यांच्या मागून येतो. उजवीकडून काही आलं तर त्याला कळत नाही. त्या डोळ्यानं दिसत नसावं."

मी काचेजवळ वाकून बघितलं. त्या माशाचा उजवा डोळा खरंच पांढुरका होता. टँक माझ्याकडे येऊन आठ महिने झाले होते.

"किल्ली ठेवा तुमच्याकडेच," मी म्हणाले.

तेव्हापासून तीच वेळ कायम झाली. साडेदहा ते दीड दिवा आणि अकराला खाणं अण्णांकडे, पाच ते दहा दिवा आणि संध्याकाळचं निम्मं खाणं माझ्याकडे. सकाळची माझी धावपळ गेली. रविवारी मी डबीचे सात कप्पे भरायची, पुढच्या रविवारी ते रिकामे मिळायचे. आठवडाभर आम्ही त्याच माशांना खायला घालत होतो आणि एकमेकांना भेटत नव्हतो. क्वचित डबीखाली चिठ्ठी असायची, बाळबोध मराठीत. "एक दिसत नाही." मग त्याखाली, "दिसला. पंपामागे होता."

हे साधारण सव्वा वर्ष चाललं. त्यानंतर अण्णांचे गुडघे इतके दुखायला लागले की डॉक्टरांनी जिना बंद केला. त्या आठवड्यात डबीचे शेवटचे तीन कप्पे भरलेलेच राहिले. मी अक्कांना म्हणाले, "टँक खाली आणते." त्या म्हणाल्या, "तुझं आहे की ते." मी म्हटलं, मी बघते कितीसं.

एका रविवारी पाणी उपसून, मासे बादलीत काढून टँक खाली त्यांच्या पुढच्या खोलीत मांडला. नीट काळजी घेतली होती, तरी दोन दिवसांत तीन टेट्रा मेले. एका डोळ्याचा त्यातच होता. अण्णांनी तो तुळशीच्या कुंडीत पुरला आणि मला तसं सांगितलं. आवाजात दुःख होतं, पण दोष नव्हता. टायमर त्यांनी मला परत दिला. "मी घरीच असतो," म्हणाले.

पुढच्या महिन्यात त्यांना नवे मासे आणायचे होते. मी रिक्षा केली आणि आम्ही दुकानात गेलो. एवढ्याशा तीन माशांसाठी त्यांनी पाऊण तास घेतला. दुकानातला माणूस जाळी घेऊन ताटकळत उभा होता. "सगळे एकसारखेच आहेत, सर," तो दोनदा म्हणाला. अण्णा काचेला नाक लावून कानडीत त्याला सांगत होते, हा नको, तो पलीकडचा, नाही, त्याच्या मागचा. मी दुकानाबाहेर येऊन रिक्षावाल्याला म्हटलं, अजून थोडा वेळ लागेल.