जुना सेन्सर

इंजिन चालू ठेवून मेकॅनिक अण्णांनी मीटरची पिन सेन्सरच्या तारेला लावली आणि दुसऱ्या हातानं वायरिंग हळूच हलवलं. पाच व्होल्टवर स्थिर असलेला आकडा घसरून तीनवर आला.

"नवा सेन्सर कुणी बसवायला सांगितला, साहेब?"

"मीच. इंजिनचा दिवा सारखा लागायचा. अजून लागतोच आहे."

"लागणारच. तार कुजलीय. जुना बिचारा खरं सांगत होता, त्यालाच घालवलंत होय! टाकला नाही ना? चांगला आहे तो."

जुना सेन्सर डिकीतच होता. तो हातात घेऊन मी उभा राहिलो.

घरात माझा आवाज चढला की सानिका जेवता जेवता म्हणायची, "बाबा, आईशी असं बोलू नका." मुलगी उद्धट झाली, असं ठरवून मी तिला हॉस्टेलला ठेवलं. आवाज माझा तसाच राहिला. सांगणारं कुणी उरलं नाही, इतकंच.

अण्णा तार बदलत होते तेव्हा मी तिला फोन लावला.

"काय झालं, बाबा?" ती घाबरलीच.

"काही नाही. तू म्हणायचीस ते खरं होतं."

ती हळूच म्हणाली, "हे आईला सांगा."